वीस वॅटचा व्हॉल्व्ह अँप घेतला, पण हवा तो आवाज येत नाही. काय चुकतंय?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार, म्हणून सगळंच लिहितो.

दोन वर्षं पैसे साठवून मार्चमध्ये एक वापरलेला व्हॉल्व्ह अँप घेतला. २० वॅट. आवाज वाढवणारे काचेचे व्हॉल्व्ह म्हणजे मागे दोन मोठे ईएल३४, पुढच्या भागात छोटे ईसीसी८३. १९८० नंतरच्या मार्शलच्या धर्तीचा साधा एका चॅनलचा अँप. बटणं प्रीअँप (पुढच्या व्हॉल्व्हचा जोर, म्हणजे गेन), मास्टर (शेवटचा एकूण आवाज), बेस, मिडल, ट्रेबल, प्रेझेन्स, एवढीच. वेगळ्या बंद पेटीत एकच बारा इंची स्पीकर. गिटार एसजीच्या घाटाची, दोन हंबकर पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे), तारा ९ चा संच, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच. मुक्काम कोथरूड, सोसायटीचा तिसरा मजला.

मला हवाय तो एसी/डीसी या रॉक बँडमधला माल्कम यंगचा आवाज. कॉर्ड मारली की सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात आणि तरी सगळं मिळून एक दार धाडकन उघडल्यासारखं वाटतं. माझ्याकडून येतो तो डब्यात कोंडलेल्या गांधीलमाश्यांचा आवाज. प्रीअँप १० वर आहे, मास्टर १ च्या किंचित पुढे, बेस ८, मिडल ३, ट्रेबल ७. एकटा वाजवत बसलो तर ठीक वाटतं. पण गाणं लावून त्याच्यासोबत वाजवायला गेलो की माझी गिटार त्यात विरघळून जाते, ऐकूच येत नाही.

मास्टर वाढवता येत नाही, कारण बरोबर खालच्या घरात आजी असतात आणि त्या दुपारी झोपतात.

दुकानात विचारलं तर म्हणाले, गेन कमी पडतोय, एक डिस्टॉर्शनचा पेडल घ्या. एका मित्राचं म्हणणं, व्हॉल्व्ह जुने झाले असतील, पूर्ण संच बदल. दुसरा म्हणतो पिकअप बदल. यातलं नेमकं काय करू? एवढे पैसे घालून झालेत, आता चुकीच्या ठिकाणी खर्च करायची छाती नाही.

---

रेडिओवाला_हॅनवेल

एक महिना काहीही विकत घेऊ नका. तुमचा अँप चांगला आहे, तारा सोडल्या तर गिटारही पुरेशी आहे. चूक आहे ती बटणांच्या आकड्यांत. ती कुठे आहे हे कळायला मला थोडं मागून यावं लागेल.

आमचं सांगलीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्हचे सेट वडील दुरुस्त करायचे आणि मी शाळेतून आलो की सोल्डर धरून बसायचो. त्या धंद्यात ‘एसी-डीसी सेट’ म्हणजे धोक्याचा माल. त्यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नसायचा, त्यामुळे प्लग उलटा बसला की सगळी चासी जिवंत. असा सेट टेबलावर आला की वडील म्हणायचे, डावा हात खिशात घाल. १९८१ साली कॉलेजच्या खोलीत एका मित्राने कॅसेट दाखवली, त्यावर तेच नाव आणि मधोमध वीज! मी त्याला म्हणालो, हे कुणीतरी आपल्यातलं आहे. पुढे समजलं की बँडमधल्या यंग भावांच्या, माल्कम आणि अँगसच्या, बहिणीने शिवणयंत्रावर ही अक्षरं पाहिली होती. म्हणजे नाव खरंच यंत्रावरूनच आलं.

ती कॅसेट ऐकली आणि सुट्टीत घरी जाऊन दुकानातल्या एका मोठ्या रेडिओला गिटारचा पिकअप जोडला. त्या सेटांना मागे ग्रामोफोनसाठी दोन भोकं असत, त्यात. (सेट ट्रान्सफॉर्मरवाला आहे हे वडिलांनी आधी स्वतः तपासलं. तुम्ही कुणीही जुन्या रेडिओवर हा प्रयोग करू नका, जीव जाऊ शकतो.) आवाज पूर्ण सोडला. आत एकच ईएल८४, पाच वॅटसुद्धा नसतील. कॉर्ड मारली आणि त्या लाकडी पेटीतून जे बाहेर आलं त्याने माझ्या अंगावर काटा आला. हळू वाजवलं की स्वच्छ. जोर लावला की दाणेदार, रागावलेलं. हात सोडला की पुन्हा स्वच्छ. गेन नावाचं बटणच त्या रेडिओला नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं होतं. व्हॉल्व्ह अँपमध्ये आवाज फुटतो तो एका जागी नाही. पुढच्या छोट्या ईसीसी८३ मध्ये फुटतो. मागच्या मोठ्या ईएल३४ मध्ये फुटतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर आपल्या परीने दाबतो. शेवटी स्पीकरचा कागद स्वतःच वाकतो, तिथेही फुटतो. तुम्ही पहिली जागा दहावर नेली आहे आणि उरलेल्या तिन्ही झोपवून ठेवल्या आहेत. मास्टर १ वर असताना त्या दोन ईएल३४ ना पाव वॅटचंही काम नसेल. उरते फक्त पुढच्या व्हॉल्व्हची किरकिर, आणि तीच तुमची गांधीलमाशी.

आता जिथे हा आवाज जन्मला ती जागा. मी राहतो पश्चिम लंडनला, हॅनवेलमध्ये. साउथॉलला भाजी आणायला २०७ नंबरच्या बसने निघालो की अक्सब्रिज रोडवरचा ७६ नंबर दिसतो. जिम मार्शल यांचं दुकान तिथे होतं. ते स्वतः ड्रमर आणि ड्रमचे शिक्षक. गिटारवाले पोरगे दुकानात येऊन मोठा, खरखरीत आवाज मागायला लागले. अमेरिकेतला अँप इथे फार महाग पडायचा, म्हणून १९६२ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्यासोबत त्यांनी अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या बासमन अँपच्या सर्किटचा नकाशा समोर ठेवून स्वतःचा अँप बांधला, जेटीएम४५. नकाशा जवळजवळ तोच, पण भाग इथे मिळणारे. पहिल्या जागी जास्त गेनचा ईसीसी८३ घातला. मूळ अँपमध्ये मागून उघड्या पेटीत चार दहा इंची स्पीकर होते, यांनी बंद पेटीत सेलेस्टियनचे चार बारा इंची बसवले. एवढ्या फरकाने आवाजाची जातच बदलली. पुढे ईएल३४ आले, १९६५ मध्ये १०० वॅटचा अँप आला. द हू बँडच्या पीट टाउनशेंडसारख्या गिटारवाल्यांना बँडमधल्या ड्रमच्या वर ऐकू यायचं होतं, त्यासाठी.

आणि लक्षात ठेवण्यासारखी बाब ही, की या अँपना मास्टर नव्हताच. मास्टर व्हॉल्यूमवाला मार्शल आला १९७५ ला. त्याच्या आधी घाण आवाज हवा तर एकच उपाय, अँपचा आवाज पूर्ण सोडायचा. यंग भाऊ नंतरही मुख्यतः त्याच जुन्या, मास्टर नसलेल्या जातीच्या अँपवर वाजवत राहिले. माल्कमकडे मार्शलचा सुपर बास असायचा आणि १९६३ चा ग्रेच जेट फायरबर्ड गिटार, ज्याच्यातून बाकीचे पिकअप काढून फक्त ब्रिजजवळचा ठेवला होता. तारा जाड, १२ चा संच, जी तारसुद्धा गुंडाळलेली. आणि गेन? तुम्ही समजता त्याच्या निम्म्याहून कमी. हलकी कॉर्ड ऐका, जवळजवळ स्वच्छ गिटार आहे ती.

जास्त गेनने बिघडतं काय, हे आपल्याला समजायला सोपं आहे. पॉवर कॉर्ड म्हणजे दुसरं काय, षड्ज आणि पंचम. सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर सा धरा, ११० हर्ट्झ. पाचव्या तारेच्या सातव्या फ्रेटवर प, १६५ च्या आसपास. दोन स्वर एकाच फुटणाऱ्या व्हॉल्व्हमधून गेले की त्यांच्या वजाबाकीचा तिसरा स्वर आपोआप तयार होतो. १६५ वजा ११०, म्हणजे ५५. तो कोण? तोच सा, एक सप्तक खाली! तुम्ही न वाजवलेला खर्ज अँप भरून देतो, म्हणून पॉवर कॉर्ड एवढी भारदस्त लागते.

आता त्यात गंधार घाला, पाचव्या तारेचा चौथा फ्रेट. शुद्ध गंधार १३७.५ वर हवा, पण गिटारचे फ्रेट समान अंतराच्या हिशेबाने बसवलेले, त्यामुळे तो चढा लागतो, १३८.६ वर. वजाबाकी येते २८.६. खरा सा त्या जागी २७.५ वर आहे. म्हणजे तळाशी एक बेसूर स्वर घरघरत राहतो. गेन जेवढा जास्त, तेवढी ही घरघर मोठी. माल्कम पूर्ण मेजर कॉर्ड मारायचा आणि तरी ती स्वच्छ लागायची, ती कमी गेनमुळे. तुमच्याकडे प्रीअँप दहावर असताना ते होणं शक्य नाही.

उद्या हे लावून बघा. प्रीअँप ४. मिडल ७, कारण गिटार बँडमध्ये राहते ती मिडलमध्ये, आणि तुम्ही नेमकी तीच कापली आहे. बेस ३. बासगिटारची जागा बासगिटारला राहू द्या. ट्रेबल ५, प्रेझेन्स ४. मास्टर जेवढा सोसेल तेवढा. आणि तासावर मिळणाऱ्या जॅमरूममध्ये अँप एकदा तरी घेऊन जा. तिथे मास्टर ६ वर न्या, गिटारचं व्हॉल्यूम ७ वर ठेवा. मग बोलू.

व्हॉल्व्ह खराब असते तर आवाज दबला असता, कडकड झाली असती, एखादा व्हॉल्व्ह टिचकी मारल्यावर घंटेसारखा वाजला असता. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही. आणि मागचं झाकण उघडू नका. आत ४०० व्होल्टच्या वर असतं आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटरमध्ये ते साठून राहतं.

---

सातवी_फ्रेट

काकांच्या उत्तराला माझं मनापासून अनुमोदन. सा आणि पंचमाची वजाबाकी मला इतकी वर्षं कुणी समजावून सांगितली नव्हती.

फक्त मास्टर ‘सोसेल तेवढा’ याबद्दल थोडं बोलते, कारण मी ठाण्यात सातव्या मजल्यावर हेच भोगलंय. गिटारचा चांगला बारा इंची स्पीकर एका वॅटवर, एक मीटरवरून ९८ ते १०० डेसिबल देतो. एका वॅटवर! निवासी भागाची कायद्याने मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. म्हणजे २० चा अँप ५ वॅटवर आणला तरी फरक फक्त ६ डेसिबलचा. कानाला निम्मा वाटायला हवा तर वॅट दहापट कमी लागतात. तेव्हा कमी वॅटचा अँप घेतला की घरात वाजवता येतं, ही समजूत सोडून द्या.

घरासाठी मी वापरते तो लोड बॉक्स. अँपचा स्पीकरचा आउटपुट त्यात जातो, व्हॉल्व्ह जोरात काम करतात, आणि स्पीकरच्या जागी संगणकात स्पीकरचा नमुना लावून मी हेडफोनवर ऐकते. हवा हलत नाही, पायाला जाणवत नाही, हे खरं आहे. पण रात्री ११ ला मला माझा अँप त्याच्या खऱ्या ताकदीवर ऐकता येतो. काका कदाचित सहमत होणार नाहीत.

आणखी दोन गोष्टी, दोन्ही फुकट. तुमची पेटी जमिनीवर असणार आणि तुम्ही उभे. बारा इंची स्पीकरचा तीक्ष्ण भाग टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, तो तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही. तिरकी ठेवा किंवा खुर्चीवर चढवा, आणि मग ट्रेबल ठरवा. दुसरं, पेटीखाली घडी केलेली काथ्याची गादी घाला. जमिनीला टेकलेली पेटी सगळा बेस स्लॅबमधून खाली पाठवते. आजींना तुमची गिटार ऐकू येत नसेल, त्यांना ती धडधड ऐकू येत असेल. माझ्या खालच्या काकूंची तक्रार गादी घातल्यावर थांबली.

---

एडिसनकर

तुमचा अँप वापरलेला आहे, म्हणून हे विचारतो. मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलंय ते पाहिलंत का? माझ्या चुलतभावाने इथून, न्यू जर्सीहून, एक १२० व्होल्टचा अँप नेला आणि पुण्यात सरळ भिंतीच्या सॉकेटला लावला. २३० व्होल्ट. मेन्स ट्रान्सफॉर्मर जळाला, दोन पॉवर व्हॉल्व्ह गेले. असा अँप असेल तर त्याला योग्य वॅटचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि अर्थिंगची पिन तोडायची नाही.

दुसरी सवय मोडायची ती स्पीकरच्या वायरची. हेड आणि पेटी यांच्यामध्ये गिटारची केबल लावू नका, टोकं सारखी दिसली तरी. ती शील्डची बारीक तार असते, एवढा करंट तिला पेलत नाही. स्पीकर न जोडता तर अँप सुरूच करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. पेटीवर १६ ओहम लिहिलं असेल तर १६ च्याच भोकात.

आणि गिटारवादक एडी व्हॅन हेलनचं ऐकून कुणी व्होल्टेज वाढवायला जाऊ नका. त्याने पहिल्या अल्बमच्या, म्हणजे १९७८ च्या काळात व्हेरिअॅकने व्होल्टेज उतरवलं होतं, सुमारे ९० पर्यंत. आपल्याकडे कॉलेजच्या लॅबमध्ये ज्याला डिमरस्टॅट म्हणतात, तेच यंत्र. वाढवलं असतं तर अँप जळाला असता.

---

तिसरा_मजला

दहा दिवसांनी लिहितोय, कारण आधी करून बघायचं ठरवलं होतं.

एडिसनकर, पट्टीवर २३० आहे, पाहून जीव भांड्यात पडला. पण केबल गिटारचीच होती! विकणाऱ्याने तीच दिली होती. त्याच संध्याकाळी स्पीकरची जाड केबल आणली. पेटी १६ ची आहे, ती ८ च्या भोकात होती. तेही बदललं.

रविवारी ड्रम वाजवणाऱ्या मित्राला घेऊन दोन तासांसाठी जॅमरूम घेतली. काकांनी दिलेले आकडे जसेच्या तसे लावले. मास्टर ३ पर्यंत काही विशेष नाही. ४ आणि ५ च्या मध्ये कुठेतरी आवाज एकदम पुढे आला, म्हणजे मोठा झाला असं नाही, रुंद झाला. ६ वर मी ए ची उघडी कॉर्ड मारली आणि ती पँटच्या कापडावर जाणवली. मित्र वाजवायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. गिटारचं व्हॉल्यूम ४ वर आणलं की स्वच्छ, ८ वर की रागावलेलं. तुमचा रेडिओ मला त्या खोलीत समजला, काका.

मग गंधाराचा प्रयोग केला. प्रीअँप ४ वर सा-प, आणि मग सा-ग. नंतर प्रीअँप १० वर तेच. दहावर सा-ग धरला की खाली खरंच काहीतरी लटपटत घरघरतं. इतके महिने हेच मी चुकीच्या बोटांचं लक्षण समजत होतो.

एक गोष्ट मात्र कठीण गेली. प्रीअँप ४ वर माझा उजवा हात उघडा पडला. स्ट्रोक एकसारखा नाही, खालचा जोरात, वरचा पुसट. दहावर हे सगळं झाकलं जायचं. आता रोज अर्धा तास मेट्रोनोम लावून फक्त उजवा हात घेतोय, अँप बंद ठेवून.

घरी काथ्याची गादी घातली, पेटी खुर्चीवर चढवली. खाली जाऊन आजींना स्वतः विचारलं. त्या म्हणाल्या, संध्याकाळी पाच ते सहा वाजव, तेव्हा मी देवळात असते. लोड बॉक्ससाठी पैसे साठवायला सुरुवात केली आहे.

आता तारांचं. ९ वरून थेट माल्कमसारख्या १२ वर जाऊ का? गिटारला काही होणार नाही ना?

---

रेडिओवाला_हॅनवेल

तुमचा निरोप दोनदा वाचला. मास्टर ४ आणि ५ च्या मध्ये जे झालं, तिथे ईएल३४ जागे झाले.

पेटी १६ ची असून ८ वर जोडलेली होती, त्याची फार काळजी करू नका, एवढ्या कमी मास्टरवर अँपला इजा झाली नसणार. आता पुन्हा चुकवू नका म्हणजे झालं.

तारा १२ च्या नको, एकदम नको. मान तेवढा ताण घ्यायला तयार केलेली नाही. ती पुढे वाकेल, तारा फ्रेटपासून उंच जातील, ट्रस रॉड (मानेच्या आतला ताण जुळवायचा गज) फिरवावा लागेल. आणि गुंडाळलेली जी तार तुमच्या नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत बसणारच नाही, ती खाच कानशीने रुंद करावी लागते, ब्रिजवर त्या तारेची लांबीही पुन्हा जुळवावी लागते. आधी १० चा संच लावा. तो बहुतेक गिटारींना काही न करता चालतो. दोन महिने त्याच्यावर हात बसू द्या. ११ हवा वाटला तर तेव्हा गिटार एखाद्या जाणकाराकडून सेट करून घ्या. अँगस यंग स्वतः हलक्या तारा वापरतो, तोच एसजी, आणि त्याचा आवाज काही बारीक नाही.

सातवी_फ्रेट, लोड बॉक्सला माझा विरोध नाही. स्पीकरचा कागद वाकण्याची जागा कुठल्या नमुन्यात पूर्ण येत नाही असं माझ्या कानाला वाटतं. पण तिसऱ्या मजल्यावर रात्री वाजवायचं तर तुमचाच मार्ग बरोबर. त्यांना बॉक्स निवडताना ओहम आणि वॅट जुळवायला मदत करा, ते मला इथून नीट जमणार नाही.

पुढच्या वेळी जॅमरूममध्ये फोनवर रेकॉर्ड करून इथे टाका. फोन पेटीसमोर जमिनीवर नको, दोन हात लांब, छातीच्या उंचीवर आणि किंचित बाजूला. आधी एकटी गिटार, मग ड्रमसोबत तेच. मिडल ७ ठेवायची की ६ करायची, ते मी ऐकून सांगतो.